एकशे बेचाळीस नंबरची बदली

आमच्या फाट्यावर कोणी पत्ता विचारला तर पाटलाचं घर, मारुतीचं देऊळ असलं काही सांगायची पद्धत नव्हती. झाडाचा नंबर सांगायचे. "सत्तावन्न नंबरच्या चिंचेपासून डाव्या हाताची पांदण धरा." "एकशे तीनच्या मोहाखाली उतरा, समोर दिसते तेच घर." एस.टी.वर नवीन कंडक्टर आला की आठ दिवस बावचळलेला असायचा, नवव्या दिवशी तोही ओरडायला लागायचा, "चला, अठ्ठ्याहत्तर करंजवाले, उतरा!" एका लग्नाच्या पत्रिकेत तर मी स्वतः वाचलंय: विवाहस्थळ, नव्याण्णव नंबर आंब्यासमोर. आणि वऱ्हाड बरोबर पोचलं हो. एक माणूस चुकला नाही.

हे सगळं लटारूभाऊंमुळे.

लटारूभाऊ बांधकाम खात्यात मैलकुली होते. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही, म्हणून सांगते. पूर्वी रस्त्याचा एकेक तुकडा एकेका माणसाला नेमून दिलेला असे. खड्डा बुजवायचा, नाली मोकळी करायची, कडेचं गवत काढायचं, वाऱ्यानं पडलेलं झाड बाजूला ओढायचं, किलोमीटरचे दगड रंगवायचे. जे काय होईल ते त्यानंच बघायचं. लटारूभाऊंचा तुकडा नऊ किलोमीटरचा. आमच्या फाट्यावर सुरू व्हायचा, जंगलातून तलावाच्या पाळीवर चढायचा आणि पलीकडच्या नाल्यावर संपायचा. नाल्यापलीकडे जग होतं, पण त्याच्याशी लटारूभाऊंना काही घेणंदेणं नव्हतं.

माणूस शेवग्याच्या शेंगेसारखा. अंगात खाकी. सायकलच्या हँडलला एकीकडे गेरूची बादली, दुसरीकडे चुन्याची. कॅरियरला पळसाच्या मुळीचा कुंचा. आणि सदऱ्याच्या आत, पोटाशी, लाल फडक्यात गुंडाळलेली वही. त्या वहीत रस्त्याकडेच्या तीनशे सोळा झाडांची नोंद होती. नंबर, झाडाची जात, जागा, आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात दरवर्षी एकच शब्द लिहायचा: जिवंत.

दिवाळी झाली की मोजणी. झाडाजवळ सायकल लावायची, बुंध्यावर तळहात ठेवायचा, मोठ्यानं "जिवंत!" म्हणायचं, मग वहीत लिहायचं, मग गेरूचा पट्टा, चुन्याचा पट्टा, वर नंबर. मी एकदा विचारलं, "भाऊ, हिरवंगार झाड डोळ्यानं दिसत नाई का? हात कायले लावता?"

"दिसते जी. पन हात लावल्याबिगर लिहिलं तं थे अंदाजे होते. माह्या वहीत अंदाज नाई."

पट्टा पूर्ण गोल मारायचा हाही त्यांचा नियम. मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातून मासे घेऊन एक दादा सायकलवर यायचे. एकदा दुपारी दादा चौसष्ट नंबरच्या चिंचेला पाठ टेकून झोपले. लटारूभाऊ आले. झोपलेल्या माणसाला उठवू नये म्हणून त्यांनी उठवलं नाही. पण पट्टा अर्धा कसा सोडणार? तो दादांच्या बनियनवरून गेला. आधी गेरूचा, मग चुन्याचा. दादा तसेच फाट्यावरच्या माझ्या चहाच्या टपरीवर आले. "अरे बाबा, हम पेड़ है क्या?" मागून लटारूभाऊ आले आणि शांतपणे म्हणाले, "नाई. म्हनून तं नंबर नाई टाकला."

दुसरं म्हणजे त्यांचं ते "नोंद हाये का?" काहीही सांगा, आधी हा प्रश्न. कोणी म्हणे, नाल्यावरच्या चिंचेवर भूत आहे. "नोंद हाये का?" कोणी म्हणे, पुढच्या वर्षी रेल्वे येणार. "नोंद हाये का?" सायकल दुरुस्तीच्या नथ्थूचा पोरगा दहावी पास झाला, नथ्थू पेढे घेऊन आला, तर ह्यांनी पेढा हातात धरून ठेवला. नथ्थू बिचारा घरी जाऊन गुणपत्रिका घेऊन आला. लटारूभाऊंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, मागची बाजूही बघितली, "हाये," म्हणाले आणि मग पेढा तोंडात टाकला.

फॉरेस्टवाल्यांचा त्यांना फार राग. "लाखानं झाडं, अन् एकाही झाडाले नंबर नाई. कशी झोप लागते जी तुमाले?" आमच्या फाट्यावर एक गार्ड चहाला यायचे, त्यांना हे रोज ऐकावं लागे.

आणि वाघाची गंमत तर सांगायलाच पाहिजे. एका सकाळी लटारूभाऊ आले, सायकल स्टँडवर लावली, पाणी प्याले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "एकशे अकरा अन् एकशे बाराच्या मधात वाघ बसून हाये."

टपरीवरचे सगळे उठून उभे. गार्डच्या हातातला चहा हिंदकळला. "केवढा आहे?"

"मापला नाई."

"नर का मादी?"

"इचारलं नाई. तुमचा माल हाये, तुमी पाहा. रस्त्यावर बसला तवा मी दोन्हीकून लाल झेंडी लावून देल्ली. झाडीत उतरला का मंग आपला संबंध नाई."

खरंच झेंड्या लावून आले होते. दोन्ही बाजूंना दोन ट्रक, पुढे रस्त्याचं काम चालू आहे समजून, वाघासमोर अर्धा तास इमानदारीत उभे होते.

असा माणूस. घरचं मात्र कोणाला काही माहीत नव्हतं. तलावाच्या पाळीजवळ खात्याची एक खोली होती, तिथे एकटेच राहायचे. मी एकदा सहज विचारलं, "लटारूभाऊ, घरी कोन हाये?"

"मीच."

"तसं नाई जी. बायको, लेकरं?"

"त्याची नोंद नाई," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून गेले. मी म्हटलं, बरं, लग्नच झालं नसेल. या माणसाला बायको करायची तर तिलाही आधी गेरूचा पट्टा मारला असता.

आता माझ्या टपरीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. फाट्यावर चहाभज्यांची टपरी आम्ही दोघांनी टाकली, मी आणि आमच्या ह्यांनी. चार खांब, वर पत्रा, पुढे एक बाक. एका हिवाळ्यात कावीळ झाली आणि हे गेले. मी आणि माझी लेक मंदा, दोघीच उरलो. त्याच वर्षी वैशाखात असं वादळ आलं की रस्त्यावर पत्रे पतंगासारखे उडाले. माझ्या टपरीचा पुढचा खांब उदईनं, म्हणजे वाळवीनं, आतून खाल्लेला होता, तो मोडला आणि अर्धा पत्रा खाली आला. मी दुसऱ्या दिवशी त्या पत्र्याखाली चूल पेटवून बसले होते. चहा उकळत होता का मी, देव जाणे.

तेवढ्यात लटारूभाऊ आले. सायकल नव्हती. चालत, खांद्यावर एक ओलं लाकूड घेऊन. टेकवलं तर पाहते, सालई!

झाडीतल्या लोकांना सांगायला नको, सालईचा खांब कोणी लावत नाही. नरम लाकूड. भिजलं की गेलं. मी रडता रडता हसले.

"भाऊ, सालई कोनी खांबाले लावते का? सहा महिन्यात सडते."

"मले हेच भेटलं."

नऊ किलोमीटरच्या जंगलात त्यांना दुसरं लाकूड भेटलं नाही! मला वाटलं, ह्यांना झाडाचे नंबर समजतात, लाकूड समजत नाही. पण दिलेल्या वस्तूला काय नावं ठेवायची. त्यांनी चांगला दोन हात खड्डा खणला, खांबाच्या बुडाला शेणकाला लावला. "हे कायले?" "उदईसाठी." माती दाबली, पत्रा वर उचलून दिला आणि गेले. चहा घेतला नाही.

त्या दिवसापासून एक नवीन खूळ सुरू झालं. टपरीवर आले की दोन गिलास पाणी मागायचे. एक प्यायचे, दुसरा त्या खांबाच्या बुडाशी ओतायचे. म्हणायचे, "एक माहा, एक सरकारचा."

मी तापायची. "बोरिंगवरून डोक्यावर पानी मी आनते, अन् तुमी मातीत ओतता?"

"धूर उडते जी. सडा मारून राह्यलो."

पावसाळा लागला आणि एक दिवस मंदा ओरडत आली, "आई, खांबाले पानं आले!" पाहते तर काय, पत्र्याच्या कडेखाली लाल-हिरवी कोवळी पालवी. गिऱ्हाइकांना तर विषयच मिळाला. "कौसाबाई, आता किटलीलेही मोहोर येईन!" "बाई, बाकाले पानी घाला, पलंग होते त्याचा!" मी म्हटलं, मोडून टाकावी ती फांदी, पत्रा उचलेल. लटारूभाऊ एवढे चिडले की मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. माझ्या शेळीनं दोन पानं ओढली, तर शेळीला समोर उभी करून दहा मिनिटं नियम समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी खांबाभोवती बोरीच्या काट्या बांधल्या. माझ्याच टपरीत शिरताना माझंच लुगडं फाटायला लागलं.

दिवाळीनंतर मोजणीला आले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबरचा कडुनिंब झाला. मग सरळ माझ्या टपरीत. खांबावर तळहात ठेवला. "जिवंत!" गेरू, चुना, आणि वर नंबर टाकला, एकशे बेचाळीस.

"लटारूभाऊ," मी म्हटलं, "हा तीन नंबर. तो चार नंबर. मधात एकशे बेचाळीस कुठून आला?"

"बदली झाली."

"झाडाची?"

"खात्यात साहेबाची होते, बाबूची होते. माही दोनदा होऊन रद्द झाली. झाडानंच काय घोडं मारलं?"

सगळा फाटा हसला. मीही हसले. मंदा मात्र रस्त्यावरच्या झाडांवरूनच आकडे शिकत होती. तिनं शाळेत एक, दोन, तीन, एकशे बेचाळीस, चार असं म्हणून दाखवलं आणि कान लाल करून घरी आली.

अशी सहा वर्षं गेली. सालई पत्र्याच्या वर निघाली, चांगली मांडीएवढी जाड झाली. दुपारची सावली यायला लागली, लोक खुशाल दोन दोन कप पीत बसायला लागले.

आणि मग रस्ता रुंद करायचा हुकूम आला.

वर्षभरापूर्वी नवीन इंजिनिअर साहेब आले होते, तरुण, चष्मेवाले. रस्त्याच्या मधल्या रेषेपासून दोन्हीकडे मोजायचं, आत येईल ते सगळं अतिक्रमण. फाट्यावर आम्ही पाच टपरीवाले, पाचही आत. मोजून चुन्याची फुली मारायचं काम कोणाला दिलं असेल? लटारूभाऊंना. नथ्थूच्या दुकानावर मारली, पानवाल्याच्या ठेल्यावर मारली, मग माझ्या फळीवर मारली. 

"लाज नाई वाटत जी तुमाले?" मी म्हटलं.

"आत येते, बाई. टेपनं मापलं."

"अन् मी कुठी जाऊ?"

त्यांनी वही पोटाशी खोचली. "नोंद कराच लागते," एवढंच म्हणाले.

कुठे जाऊ, ते मला चांगलं माहीत होतं. बल्लारपूरला भावाकडे. दोन खोल्या, भावजय, त्यांची चार माणसं. भाऊ माझा सोन्यासारखा आहे, पण दुसऱ्याच्या चुलीवर स्वतःसाठी चहा मांडताना विचारावं लागतं. ज्या बाईनं सगळ्या फाट्याला चहा पाजला तिनं चहासाठी विचारायचं. शिवाय मंदाची शाळा मधातच तुटली असती. 

मी लटारूभाऊंचा चहा बंद केला. पाणीही बंद केलं. बाकावर बसायला आले तर बाकावर ओलं फडकं वाळत घातलं. आठ दिवस असं चाललं.  नवव्या दिवशी डब्यात स्वतःच बोरिंगचं पाणी घेऊन आले आणि सालईच्या बुडाशी ओतायला लागले. माझं डोकं फिरलं.

"टपरी मोडाले निघाले अन् खांबाले पानी पाजून राह्यले?"

"थो खांब नाई जी," म्हणाले, डबा झटकला आणि गेले.

काढायचा दिवस उजाडला. जीप आली, सबली, म्हणजे पहारी, घेऊन माणसं आली. नथ्थूनं स्वतःच सामान बाहेर काढायला सुरुवात केली. पानवाला ठेला पुसत होता, आता कशाला पुसतोस बाप्पा. मी किटली, गिलास, परात सगळं खोक्यात भरलं, स्टोव्ह विझवला, आणि बाकावर जाऊन बसले. म्हटलं, मला उचलून न्या.

साहेब वाईट नव्हते. "बाई, उठा. माझाही नाइलाज आहे," असं नरमाईनंच म्हणाले. मी उठले नाही. एका माणसानं मग पुढच्या खांबाला सबल लावली.

"थांबा!"

लटारूभाऊंचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. वाघाच्या वेळीही नव्हता निघाला.

"त्याले सबल लावू नका. थे एकशे बेचाळीस हाये."

"काय आहे?" साहेब म्हणाले.

"झाड हाये, साहेब. आपल्या खात्याचं."

"हा टपरीचा खांब आहे."

"वर पाहा."

साहेबांनी वर पाहिलं. पत्र्याच्या वर हात हात फांद्या, पानंच पानं. साहेबांची जीपसुद्धा त्याच सावलीत उभी होती. लटारूभाऊंनी पोटाशी खोचलेली वही काढली, लाल फडकं सोडलं आणि वाचून दाखवलं. "एकशे बेचाळीस. सालई. फाटा. जिवंत, जिवंत, जिवंत, जिवंत, जिवंत, जिवंत." सहा वर्षांचे सहा.

"तोडाचं असन तं अर्ज पायजे," ते पुढे म्हणाले. "अर्ज तालुक्याले जाते, तिथून जिल्ह्याले जाते, जिल्ह्याहून फारेस्टकडे जाते, मंग फारेस्टवाले पाहाले येतेत, थे आले का मंग..."

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "बरं, झाड राहू द्या. टपरी तेवढी काढा."

"हो जी. काढतो."

 पण लटारूभाऊंचं संपलेलं नव्हतं.

"फक्त नालीचं पाहा, साहेब. नाली झाडाखालून नेता येत नाई, मुळ्या तुटते. म्हनजे झाडाच्या अलीकडून न्या लागन. अन् नाली सरळच काढा लागते, वाकडी काढली का तुंबते. म्हनजे सगळ्या फाट्याची नाली चार हात रस्त्याकडे आली. नालीच्या पलीकडे जे राह्यलं, त्याची नोंद आपल्याकडे नाई."

साहेबांनी टेप लावायला सांगितला. पाचही टपऱ्या दोन दोन हात मागे सरकवल्या की नालीच्या पलीकडे जात होत्या. नथ्थूनं हातातली चाकं जिथल्या तिथं खाली ठेवली. पानवाला तर हसायलाच लागला.

मीही हसणार होते, पण साहेब रस्त्याकडे बघत होते. कडुनिंबाकडे, सालईकडे, करंजाकडे.

"थांबा. तीन, मग एकशे बेचाळीस, मग चार?"

"बदली झाली, साहेब!" पानवाला मागून ओरडला. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी वही घेतली आणि मागची पानं उलटली. उलटत उलटत सात वर्षांमागे गेले.

"इथे एकशे बेचाळीसपुढे आंबा लिहिलाय. जागा, तलावाची पाळ. तो आंबा कुठे आहे?"

 मी लटारूभाऊंकडे पाहिलं. त्यांचे हात सदऱ्याच्या पुढे, जिथे वही असायची तिथे, रिकामे धरलेले होते. नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती. खोटी नोंद म्हणजे घरी बसवतील, हे मलाही कळत होतं.

"नोंदीत चूक हाये, साहेब," ते म्हणाले. "चूक माही हाये."

गुणपत्रिकेची मागची बाजू वाचणारा माणूस चूक झाली म्हणाला! माझा तर विश्वास बसेना. पण मला एवढं कळलं की आता चहा टाकला पाहिजे. मी खोक्यातून किटली काढली, स्टोव्ह पेटवायला तीन काड्या लागल्या. साहेबांनी गिलास घेतला, सालईखाली बाकावर बसले आणि वहीची पानं पुन्हा उलटायला लागले. मग त्यांना काहीतरी दिसलं. मागच्या वर्षाच्या मोजणीखाली त्यांचीच सही होती. त्याआधीच्या वर्षांखाली आधीच्या साहेबांच्या. आंबा नाही म्हणायचं तर सगळ्यांना विचारावं लागणार, न बघता सही कशी केली, आणि पहिलं उत्तर त्यांनाच द्यावं लागणार.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. सालईच्या ओळीपुढे दोन शब्द लिहिले, सही केली आणि वही परत दिली. "बदली मंजूर," म्हणाले. मग मला म्हणाले, "बाई, अजून एक चहा."

लटारूभाऊंना मी साखर जास्त घालून गिलास भरला. त्यांनी तो बाजूला ठेवला. "दोन गिलास पानी देजा, बाई," म्हणाले. मी मुकाट्यानं दिले.

हे एवढंच असतं तर मी ही गोष्ट तुम्हाला हसत सांगून थांबले असते. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी मी एस.टी.नं जात होते आणि तलावाच्या पाळीवर गाडीचा टायर फुटला. सगळे खाली उतरलो. मी उगाच नंबर वाचत चालू लागले. एकशे एक्केचाळीस, मोह. मग एकशे त्रेचाळीस, करंज. दोघांच्या मधात एक तुटका बुंधा, गुडघ्याएवढा. नंबर नव्हता. पण त्याला गेरूचा आणि चुन्याचा पट्टा होता, ताजा.

पाळीच्या उतरणीवर सगुणाबाई जाळं विणत बसली होती. तलावातले मासे विकणारी म्हातारी, माझ्याकडे बाजाराच्या दिवशी चहाला यायची.

"मावशी, ह्या बुंध्याले कोनी रंगवलं व?"

"कोन रंगवन? तुमचा लटारू. दर सालाले रंगवते." तिनं जाळ्यातून मान वर केली. "त्याच्या सखूचा आंबा होता ना थो."

"सखू कोन?"

"बायको त्याची. तुले मालूम नाई? दोघंही गिट्टी फोडाच्या कामावर होते, इथीच पाल ठोकून राहात. आंबा खाल्ला अन् कोय तिनंच रोवली. रोज कामावरून येताना घमेल्यात पानी आने, अर्धं सांडत ये, अन् हा हासे. झाड कमरेइतकं झालं अन् ती बाळंतपनात गेली. लेकरूही नाई वाचलं. मंग ह्यो वही घेऊन फिराले लागला."

ती पुन्हा विणायला लागली. 

"थ्या वैशाखातल्या वादळात आंबा पडला," ती म्हणाली. "सांजपर्यंत बसून होता बाप्पा जवळ. दुसऱ्या दिवशी पाहाते तं खांद्यावर सालई घेऊन फाट्याकडे चालला. मी म्हटलं, अरे, सालई कायले नेतं? सरपनालेही नाई होत थे. तं म्हने, सरपन नाई व मावशी, हे जगते. ओलं तोडून गाडलं तं जगते."

गाडी दुरुस्त झाली, कंडक्टरनं हाक मारली. मी बाजारात गेले आणि काय आणायचं ते विसरून परत आले. सहा वर्षं मी त्या सालईला नावं ठेवली होती. आणि "त्याची नोंद नाई" हे मी खरं धरून चालले होते.

लटारूभाऊंना मी हे कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. निवृत्त झाले तेव्हा वही ऑफिसात जमा केली, लाल फडकं तेवढं घरी आणलं. आता झाडांना नंबर कोणी टाकत नाही. नवीन माणसं पत्ता सांगताना मोबाइल दाखवतात. मंदा शिकून नोकरीला लागली, मला म्हणते, टपरी बंद कर. मी म्हणते, ही सरकारी झाडाला बांधलेली आहे, अर्ज करावा लागेल.

लटारूभाऊ आता फाट्यावरच राहतात, रोज सकाळी काठी टेकत येतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण नीट काही दिसत नाही. बाकावर बसतात, दोन गिलास पाणी मागतात. एक पितात. दुसरा माझ्यापुढे धरतात, कारण बुड कुठे आहे ते त्यांना दिसत नाही. ते ओतायचे तिथे मी ओतते. मग ते मान वळवून विचारतात, "एकशे बेचाळीस?"

पहिल्या दिवशी मी भजी तळता तळताच म्हटलं, "जिवंत, भाऊ!"

"अंदाजे सांगून राह्यली का, बाई?"

तेव्हापासून मी झारा खाली ठेवते, पदराला हात पुसते, सालईवर तळहात ठेवते. सकाळी साल जराशी थंड असते. थोडा वेळ तसाच राहू देते.

"जिवंत," मी सांगते. मग ते चहा घेतात.